मोरूला तोंडपाठ असलेली आळी

मोरू घरत गेल्या चैत्रात वारला. त्याच्याविषयी कोणी काही लिहील असे मला वाटत नाही, आणि मी तरी काय लिहिणार. मिठागरांच्या सोसायटीत मी एकतीस वर्षे कारकून होतो. तिथे लिहिले ते सगळे आकडेच, आणि तेही माझे नव्हते, मोरूने सांगितलेले होते. तेव्हा हे लिहिताना कुठे चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

आमचे गाव उरणच्या पूर्वेला, खाडीला लागून. आता जिथे कंटेनरची यार्डे आहेत तिथे आमची मिठागरे होती. मोरू तिथे मुकादम. वाफ्यातले मीठ बायका टोपलीने डोक्यावरून राशीपर्यंत नेत. पंचवीस-तीस बायका एका वेळी बांधावरून ये-जा करायच्या आणि मोरू राशीपाशी उभा राहून टोपल्या मोजायचा. हातात कागद नाही, खडू नाही, खिशात खडे नाहीत. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन तो एका दमात सांगायचा, सखू त्र्याण्णव, गोदू अठ्ठ्याऐंशी, आणि मी लिहायचो. गोदू म्हणजे त्याची बायको. तिला कधी एक टोपली जास्त मिळाली नाही.

एकदा सखुबाईने भांडण काढले. सखुबाई म्हणजे आमच्या आळीतली पाटलांची सून, तेव्हा तिशीत असेल, तोंडाने तिखट.

“चौऱ्याण्णव हायत माझ्या. कारकून, चौऱ्याण्णव लिव.”

मोरू म्हणाला, “एक तू बांधावर सांडलीस. आनी सांडून मागं बघितलंस मी बघतो का. ती धरायची का न्हाय, तूच सांग.”

सगळ्या बायका हसल्या. सखुबाईही हसली आणि म्हणाली, “याच्या बायकोचे कसे दिवस जात असतील गं!” मी त्र्याण्णव लिहिले.

मोरू दुसरीतून शाळा सोडलेला. आकडे वाचायचा, अक्षर वाचायचा नाही. त्याचे म्हणणे असे की अक्षरे वळवळतात, आकडे जागेवर बसतात. सही म्हणून तो अंगठा द्यायचा, पण त्याखाली तारीख स्वतः घालायचा.

पुढे जमिनी गेल्या, मिठागरे बुजली. त्यानंतरची पंचवीस वर्षे आमच्या गावाने टेबलांसमोर काढली असे म्हटले तर चालेल. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वारसाची नोंद, प्लॉटचा अर्ज. प्रत्येक ठिकाणी एक टेबल, टेबलामागे एक माणूस आणि त्याच्या हातात द्यायचे कागद. एक कागद कमी पडला म्हणून चार-चार वर्षे फेऱ्या मारलेली माणसे गावात आहेत. त्यातून आम्हाला एक सवय लागली. टेबलामागचा माणूस मागेल ते द्यायचे. का मागतो, त्याला तो हक्क आहे का, हे विचारायचे नाही. विचारले की तो फाइल खाली ठेवतो.

आधार कार्डांचे शिबिर गावच्या शाळेत झाले. काही महिन्यांनी कार्डे टपालाने आली. पोस्टमन नवा होता, त्याला आळीतली घरे कळेनात. त्याने सगळा गठ्ठा मोरूच्या ओटीवर ठेवला. मोरूने एकेका घरी जाऊन कार्ड दिले. नाव घरातले कोणी वाचायचे आणि जन्मसाल व नंबर मोरू मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे कार्ड बरोबर पोचले अशी त्याची खात्री. चार, चार आणि चार आकडे, तीन घासांत. त्या वाचण्यात आळीतली चाळीस घरे त्याला पाठ झाली. पाठ करायचे असे त्याच्या मनात नव्हते.

ही गोष्ट बाहेर आली ती गॅसच्या नोंदणीवरून. सखुबाई एजन्सीत उभी, कार्ड घरी ट्रंकेत. तिने मोरूला फोन लावला. मोरूने जागच्या जागी बारा आकडे सांगितले. तेव्हापासून त्याचा फोन वाजू लागला. बायका बाजारात, दवाखान्यात, तहसीलीत उभ्या राहून म्हणत, “मोरूदादा, माझा सांग.” तो जेवताना घास हातात धरून सांगायचा. गोदू तेव्हा नुकतीच गेली होती. मुलगा कामोठ्याला राहायला गेलेला. त्या फोनांनी त्याचा दिवस भरायचा असे मला वाटते. एकदा मी म्हटले, “मोरू, दमत नाहीस?” तर म्हणाला, “टोपल्या गेल्या, आता या हायत.”

सुरुवातीला सरकारी कामाला लागायचा तो नंबर पुढे कोणीही मागू लागले. मोबाइलवाला मागे, कुरियरवाला मागे. लग्नाचा हॉल ठरवायला गेले तर मुलीचा, मुलाचा आणि दोन्ही बापांचा. उरणच्या बाजारात एका चष्मेवाल्याने माझ्याकडे मागितला. मी दिला.

पण मला कायदा अजिबात माहीत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. मी पेपर रोज वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला होता की खासगी कंपनीला हा नंबर सक्तीने मागता येत नाही. पुढच्या वर्षी कायद्यात बदल झाला, तरी बँकेने आणि फोनकंपनीने दुसरे ओळखपत्र चालवून घ्यायचे, आधार दिले नाही म्हणून माणसाला परत पाठवायचे नाही, असे त्यात होते. ते कात्रण माझ्याकडे आहे. मी ते कापून ठेवले, आणि ठेवले तेवढेच.

२०२२ च्या दसऱ्याला बाजारात टीव्ही-फ्रिजचे एक मोठे दुकान उघडले. त्याचे नाव लिहीत नाही, आज ते दुकान तिथे नाही. दारात मांडव, मांडवात टेबल, टेबलावर फॉर्मचे गठ्ठे आणि शेजारी लाल फीत बांधलेला दोन दारांचा फ्रिज. लकी ड्रॉ होता. काही विकत घ्यायची गरज नाही, फक्त फॉर्म भरायचा. नाव, गाव, जन्मसाल, मोबाइल आणि आधार नंबर.

मोरू आणि मी आपट्याची पाने घ्यायला गेलो होतो. मोरू फ्रिजसमोर थांबला. म्हणाला, “सखूला लागला तर बरा. उन्हाळ्यात तिची मासळी वाया जाते.” सखुबाई तेव्हा करंजा बंदरावरून मासळी आणून दारोदार विकायची.

टेबलामागे मितेश नावाचा मॅनेजर होता. तिशीचा, बोलायला गोड. म्हणाला, “या काका, बसा. घरात जेवढी माणसं तेवढे फॉर्म. जास्त फॉर्म, जास्त चान्स.”

मोरूने विचारले, “आळीतल्यांचे भरले तर चालतील?”

“चालतील की. नंबर पाहिजे फक्त.”

“नंबर हायत.”

मला ते कात्रण आठवले. मी म्हटले, अगदी हळू म्हटले, “याला आधार नंबर कशाला लागतो? कोर्टाने सांगितलं आहे की दुकानदाराला सक्ती करता येत नाही.”

मितेश हसला. रागावला असता तर कदाचित मी आणखी बोललो असतो. तो म्हणाला, “काका, सक्ती कुठे आहे? नका देऊ. ड्रॉमध्ये नाव येणार नाही, एवढंच. आणि कोर्ट दिल्लीला आहे, फ्रिज इथे आहे.”

आजूबाजूचे लोक हसले. मोरूही हसला आणि म्हणाला, “आमचा कारकून हाय तो. त्याला कायद्याचं फार.” मग खुर्ची ओढून त्याने माझ्यासमोर गठ्ठा सरकवला. “घे, लिव.”

आणि मी लिहू लागलो. मोरूने सांगायचे आणि मी लिहायचे हे आम्ही एकतीस वर्षे केले होते. हात आपोआप चालतो. त्याने डोळे मिटले आणि आळीच्या टोकापासून सुरुवात केली. घर, माणूस, जन्मसाल, मोबाइल, बारा आकडे. लोक जमले. कोणीतरी म्हणाले, “अरे, हा माणूस आहे का मशीन!” दोघांना थंडा आणून दिला. एकतीस फॉर्म झाले. सखुबाईचा चौथा होता. सह्यांच्या जागा रिकाम्या होत्या. मितेश म्हणाला, “राहू द्या, ते आम्ही बघतो.”

तो फ्रिज आळीत कोणाला लागला नाही. बाजारातही कोणाला लागल्याचे ऐकले नाही. दिवाळीनंतर मोरू विचारायला गेला तेव्हा ड्रॉ हेड ऑफिसला झाला असे त्याला सांगितले. दुसऱ्या पावसाळ्याच्या आत दुकान बंद झाले. मितेश कुठे गेला कोणाला माहीत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत सखुबाईच्या घरी पोलीस आला. परराज्यातल्या एका शहरातली नोटीस उरण पोलिसांमार्फत आली होती. सखुबाईची नात कल्पिता यार्डच्या ऑफिसात नोकरी करते, तिने ती वाचली आणि आजीला सांगितली. सखुबाईच्या नावावर एक सिमकार्ड निघाले होते. त्या नंबरावरून, बँकेतून बोलतोय असे सांगून लोकांना फसवले होते. त्यातला एक निवृत्त मास्तर होता, त्याने नंतर विष घेतले. तो वाचला की गेला हे नोटिशीत नव्हते.

सखुबाई तेव्हा बाहत्तर वर्षांची. तिच्याकडे बटणांचा एक फोन, तोही कल्पिताने दिलेला.

पोलीस ठाण्यात साहेबांनी सिमच्या अर्जाची प्रत दाखवली. नाव तिचे, गाव आमचे, नंबर तिचा, जन्मसालही तिचे. फोटो दुसऱ्याच कोणा पंचविशीतल्या बाईचा. कल्पिता म्हणाली, “सर, ही आजी नाहीच आहे ना!”

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “ते मलाही दिसतंय. खोटं कार्ड छापलंय. पण ह्या सगळ्या गोष्टी त्यांना मिळाल्या कुठून? लोक आपलं कार्ड विकतात, बाई. पाचशे रुपयांना विकतात आणि मग म्हणतात मला माहीत नाही. तुम्ही विकलं नाही हे दिसायला पाहिजे.”

“मी कार्ड इकलं?” सखुबाई म्हणाली. “मी कोलंबी इकते.”

कोणी हसले नाही. तेवढे एक वाक्य गावात पोचले, पण उलटे होऊन. सखूने कार्ड विकले, असे. पंधरा दिवसांत तिच्या टोपलीतली मासळी उरू लागली.

मोरूच्या मनात फॉर्मची गोष्ट पहिल्याच दिवशी आली असणार. माझ्याही आली. आम्ही दोघे दोन दिवस एकमेकांसमोर आलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. धुतलेला सदरा घातलेला.

“चल. साहेबाला सांगायचं, मी दिला म्हणून.”

“मीपण सांगतो, लिहिले मी.”

तो म्हणाला, “तुझं नाव कशाला? तोंड माझं व्हतं.” मी पुन्हा आग्रह केला नाही. मला त्याच्या बोलण्याने सुटल्यासारखे वाटले, हे खरे आहे आणि ते मी इथे लिहून टाकतो.

ठाण्यात सखुबाई बाकावर बसली होती, शेजारी कल्पिता. मोरू साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हिचा नंबर मी दुकानात सांगितला. फ्रिजसाठी. हिला ठाऊक न्हाय.”

“तिचं कार्ड तुमच्याकडे होतं?”

“कार्ड न्हाय. तोंडपाठ.”

साहेबांनी सखुबाईचे कार्ड हातात धरले. “सांगा.”

मोरूने सांगितला. हवालदाराने माझ्याकडे पाहिले. साहेबांना मौज वाटली. ते म्हणाले, “ह्यांचा?” आणि माझ्याकडे बोट केले. मोरूने माझा सांगितला. मी खिशातून कार्ड काढून दाखवले. मग कल्पिताचा सांगितला, आळीतल्या विनेशचा सांगितला, विनेशच्या बापाचाही सांगितला, जो दोन वर्षांपूर्वी वारला होता. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला.

“बाबा, हे सगळं तुम्हाला कशाला पाठ आहे?”

“पाठ केलं न्हाय, झालं,” मोरू म्हणाला.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “तपास त्यांचा आहे, आमचा नाही. त्यांचे लोक जबाब घ्यायला येतील. हे असंच्या असं त्यांच्यासमोर म्हणून दाखवा. म्हणजे बाईंनी विकलं नाही हे त्यांना पटेल.” लिहून काही घेतले नाही. बाहेर आल्यावर सखुबाईने मोरूला शिव्या दिल्या. मिठागरातल्या शिव्या, मी इथे लिहू शकत नाही अशा. मग म्हणाली, “येतील तेव्हा नीट बोल म्हनजे झालं.”

तीन-चार दिवसांत आळीला कळले. मोरूच्या ओटीवर बायका आल्या, ज्या पूर्वी फोन करायच्या त्याच. “मोरूदादा, आमचा इसर.” “आमच्या घरातले पाची इसर.” विनेश ट्रेलर चालवतो. तो गाडी रस्त्यावर चालू ठेवून उतरला आणि म्हणाला, “दादा, तू म्हनजे तिजोरी हायस, आनी दार सताड उघडं. माझ्या मेलेल्या बापाला तरी सोडायचा व्हतास.”

मोरू म्हणाला, “इसरतो.”

लोकांना ते बोलणे पुरले. मोरूने मात्र ते खरोखर करायला घेतले.

तो रोज सकाळी यार्डच्या मागे उरलेल्या जुन्या बांधावर फिरायला जायचा, मी बरोबर असायचो. त्या उन्हाळ्यात तो चालताना पुटपुटू लागला. काय म्हणतो म्हणून मी कान दिला तर नंबर म्हणत होता, पण चुकीचे. एका घराचे पहिले चार दुसऱ्या घराला लावायचा, मधले चार उलटे म्हणायचा. तेच पुन्हा, पन्नास-पन्नास वेळा, खरे चार जागचे हलेपर्यंत. मी विचारले तर म्हणाला, “पुसत न्हाय, कारकून. पुसून बघितलं. मंग म्हटलं, गढूळ करू.”

मी म्हटले, “कर. पण सखूचा ठेव. ते लोक यायचे आहेत.”

तो थांबला. म्हणाला, “एक कसा ठेवू? सगळे एका रांगेत बसलेत. बांध एका ठिकानी फोडला की पानी थांबतंय कुठं?”

मी आणखी बोलायला हवे होते. त्याला कोणा डॉक्टरकडे, कोणा वकिलाकडे न्यायला हवे होते, निदान त्याचे म्हणणे एका कागदावर उतरवून ठेवायला हवे होते. कागदावर उतरवणे हेच तर माझे काम होते. मी म्हटले, बघू, येतील तेव्हा बघू.

पावसाळाभर त्याचे ते चालले. श्रावणात त्याने मला विचारले, गोदूला जाऊन किती वर्षे झाली. मला वाटले थट्टा करतो. भाद्रपदात तो स्वतःच्या मुलाचा फोन नंबर विसरला. कामोठ्याच्या मुलाने येऊन त्याला डॉक्टरला दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, या वयात होते. असेलही. मी काही डॉक्टर नाही. पण ज्या माणसाला तीस बायकांच्या टोपल्या दिवसभर डोक्यात ठेवता येत होत्या त्याने स्वतःच्या हाताने त्या एकमेकांत ओतल्या, असे मला वाटते, आणि मी त्याच्याबरोबर चालत होतो.

ते लोक नोव्हेंबरात आले. एक अधिकारी आणि एक शिपाई, रात्रभराच्या प्रवासाने कंटाळलेले. त्यांना त्याच दिवशी परत जायचे होते. दुभाषी म्हणून उरणचा हवालदार. सखुबाई, कल्पिता, मोरू आणि मी. आमचे साहेब तोवर बदलून गेले होते.

मोरूने सुरुवात बरी केली. दसरा, दुकान, फ्रिज, सगळे सांगितले. अधिकारी म्हणाला, “ठीक है बाबा. नंबर बोलो.” सखुबाईचे कार्ड त्याच्या समोर होते.

मोरूने डोळे मिटले. पहिले चार बरोबर आले. मग तो थांबला. मग त्याने दुसऱ्या कोणाचे तरी चार लावले. अधिकाऱ्याने मान हलवली. “फिर से.” दुसऱ्या वेळी पहिले चारही गेले. तिसऱ्या वेळी तो अकराच आकडे बोलला.

“सांग ना रं मोरू,” सखुबाई म्हणाली. “तुला येतंय. तवा नव्हतं का सांगितलंस?”

मोरूने पुन्हा डोळे मिटले.

“नाटक नको करू. सांग!”

अधिकाऱ्याने हवालदाराला विचारले, “ये इनका रिश्तेदार है क्या?” हवालदार म्हणाला, “गाव एकच आहे, साहेब.” अधिकारी हसला आणि कागदावर काहीतरी लिहिले. कल्पिता उभी राहून म्हणाली की पूर्वीच्या साहेबांसमोर यांनी पाच नंबर म्हटले होते. अधिकाऱ्याने विचारले, त्याचा कागद आहे का. कागद नव्हता. दुकान कुठे आहे, म्हणाला. तिथे आता चपलांचे दुकान होते. ते भरलेले फॉर्म कोणाकडे आहेत. कोणाकडे नव्हते.

मी बाकाच्या टोकाला होतो. मला कोणी काही विचारले नाही. मी फॉर्म लिहिले हे तेव्हा सांगितले असते तर निदान दोन साक्षी झाल्या असत्या. माझी जीभ टाळूला चिकटली होती असे म्हटले तर ती सबब होईल. मला भीती वाटली. तो मास्तर, ते विष, परराज्यातले कोर्ट, हे सगळे मला माझ्या अक्षरातल्या चौथ्या फॉर्मवर येताना दिसले.

तीनचाकीतून परत येताना सखुबाई पुढे ड्रायव्हरजवळ बसली. मोरू माझ्या शेजारी होता. यार्डाजवळ ट्रेलरांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा तो म्हणाला, “सखूचं काम झालं ना?” मी हो म्हटले.

त्यानंतर तो फार बोलला नाही. थंडीत पडला, मग उठला, मग पुन्हा पडला. सखुबाई त्याच्याकडे गेली नाही, त्याच्या ओटीवरून जाताना मान वळवायची. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नव्हता, पण तिचे नाव काढलेही नव्हते. त्यांच्या कागदांत ती ‘संशयित’ राहिली. कल्पिताला बघायला येणारे दोन वेळा आले आणि दोन वेळा निरोप आला नाही. चैत्रात मोरू गेला. मुलाने सगळे नीट केले. आळीतले सगळे होते, विनेशने खांदा दिला.

सखुबाई दहाव्याला आली. परत जाताना माझ्या ओटीवर बसली. पाणी दिले ते प्याली नाही.

“कारकून, मना एक सांग. मोरूला अक्षर कुठं येत व्हतं?”

मी तांब्या आत न्यायला उठलो.

“फॉर्मवर नाव लिवायला लागतं, गाव लिवायला लागतं. मी रातदिस हेच धरून बसलेय. मोरूनं एकतीस फॉर्म भरले, भरले, सगळे बोलतात. अरं, त्याला त्याचं नाव लिवता येत नव्हतं.”

मी म्हटले, “मी लिहिले.”

ती ओरडेल असे मला वाटले होते. ती पदराने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी बाकावर बसला व्हतास.”

“हो.”

“तुला ठाऊक व्हतं दुकानवाल्याला मागायचा अधिकार न्हाय. मोरू मना बोललेला. कारकून नको बोलत व्हता, मीच ऐकलं न्हाय. तो तुला चांगला बोलला मरेस्तोवर.” ती उठली. “उद्या सकाळी तयार रहा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. मी कात्रण घेतले होते, आणि रात्री जागून माझ्या अक्षरात दोन पाने लिहिली होती. त्यात फॉर्म किती, कोणत्या क्रमाने, टेबल कुठे होते, मितेश काय बोलला, हे सगळे होते. त्याच पानांवरून हे पुढे वाढवत नेले आहे. ठाण्यात नवे साहेब बंदोबस्तावर गेलेले. टेबलामागे हवालदार होता, नोव्हेंबरातलाच. त्याने माझी पाने उलटी-सुलटी पाहिली.

“इतक्या दिवसांनी? आता हे त्यांच्याकडे पाठवावं लागेल. साहेबांची सही लागेल. तुम्ही सोमवारी या.”

मी पाने घडी करू लागलो. टेबलामागचा माणूस सोमवारी या म्हणाला की आम्ही सोमवारी येतो. सखुबाई बाकावरून उठली नाही.

“सोमवारी न्हाय. आजच लिवून घ्या.”

“आजी, साहेब नाहीत तर मी काय करू?”

“तुमी लिवून घ्या, सही साहेब करतील. एक बोलनारा मेला आमचा.” तिने माझ्याकडे हात केला. “याचा पन काय भरवसा हाय?”

हवालदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. मग खण उघडला, कोरे कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि पेन झटकले.

“नाव सांगा,” तो म्हणाला.